माळ्यावरचा पितळी स्टोव्ह: वापरावा, विकावा की त्यावर संशोधन करावं?

पेटची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: आजीचा पितळी पंपाचा स्टोव्ह घरी पडून आहे, हल्ली अशा जुन्या स्टोव्हवर कॉफी करायची फॅशन आलीय, चव वेगळी लागते म्हणतात, तर तो दुरुस्त करून वापरावा का? प्रश्न स्टोव्हचा असला तरी संशोधनाचा विषय कसा सापडतो हे त्यातून चांगलं सांगता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चवीचं आधी उरकून टाकू. मी मूळचा एम.एस्सी.वाला, त्यामुळे हे सोपं वाटतं. पातेल्यातल्या पाण्याला खाली कुठली ज्योत आहे हे कळत नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर आहे आणि लातूर सहाशेच्या वर. म्हणजे नांदेडला पाणी ९९ अंशांच्या किंचित खाली उकळतं, लातूरला जवळपास ९८ ला. गॅस असो, चूल असो की स्टोव्ह, हा आकडा बदलत नाही. कॉफीत वेगळं काही लागलंच तर तो रॉकेलचा वास. चवीचा मुद्दा इथे संपला.

आता स्टोव्हकडे या. १८९२ मध्ये स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला आणि तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. त्यातली युक्ती अशी: पंप मारला की टाकीतल्या हवेचा दाब रॉकेलला वर ढकलतो. वरची नळी आधी काकड्याने किंवा स्पिरिटने तापवलेली असते, त्यामुळे रॉकेलची तिथेच वाफ होते. ही वाफ सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून जोरात बाहेर पडते, सोबत हवा ओढून घेते आणि निळी जळते. वातीच्या स्टोव्हमध्ये ही भानगड नाही. पुढे सत्तरच्या दशकात इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्राने ‘नूतन’ स्टोव्ह काढला, तो वातीचाच.

आपल्याकडे हा स्टोव्ह पोचला त्या काळाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दोन्ही गावं निजामाच्या राज्यात. नांदेडवरून मनमाड-हैदराबाद रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली आणि लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ मध्ये आली. कापूस आणि शेंगा बाहेर जात, तर रॉकेलचे डबे, कापड, लोखंडी सामान आत येई. चुलीला सरपण, शेणी, तुराट्या काहीही चालतं आणि ते गावातच मिळतं. स्टोव्हला मात्र दूरच्या विहिरीतलं तेल लागतं. स्टोव्ह घेतलेलं घर त्या दिवसापासून व्यापाऱ्याच्या आणि पुढे रेशनच्या दुकानाच्या रांगेत उभं राहिलं. माझ्या मते स्टोव्हच्या इतिहासातली खरी घटना ही आहे, लिंडक्विस्टचं पेटंट नव्हे.

डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ हे पुस्तक याच कारणासाठी वाचा. यंत्राचा इतिहास शोधाच्या तारखेपासून मोजण्यापेक्षा ते वापरात किती काळ राहिलं यावरून मोजावा, असा त्यांचा आग्रह आहे. डेव्हिड अरनॉल्ड यांनी २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’मध्ये भारतासाठी शिलाई मशीन, सायकल, टाइपरायटर आणि भाताची गिरणी ही चार यंत्रं घेतली. स्टोव्ह त्या चारांत नाही. जागा रिकामी आहे, मंडळी.

पण या विषयात उतरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. मराठी वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हे वाक्य अनेक वर्षं छापून येत राहिलं. ‘स्टोव्ह फुटला’ असंही लिहीत. भौतिकशास्त्र विचाराल तर टाकी बॉम्बसारखी फुटणं हा या प्रकारातला दुर्मीळ भाग. नेहमीचे धोके वेगळे आहेत. नळी पुरती तापलेली नसताना पंप मारला तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल उडतं आणि पिवळा लोळ वर येतो. पेटत्या किंवा गरम स्टोव्हचं झाकण उघडलं तर दाबाखालची वाफ बाहेर येऊन पेट घेते. झाळ सुटलेली असते, वायसर वाळलेला असतो. रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असेल तर विचारूच नका. त्यात भर आपल्या उन्हाळ्याची: भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, किमान ३५ अंश असावा लागतो. नांदेडचा मे महिना ४० च्या पुढे असतो. स्वयंपाकघरातलं रॉकेल तेव्हा ही मर्यादा बसल्या जागी ओलांडू शकतं.

म्हणजे अपघात खरे होते. आणि ‘अपघात’ म्हणून लपवलेले खूनही खरे होते. म्हणून तर १९८३ मध्ये ४९८-अ आलं, लग्नाच्या सात वर्षांच्या आत मेलेल्या स्त्रीच्या शवविच्छेदनाचे नियम कडक झाले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं. प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांचा २००९ चा ‘लॅन्सेट’मधला लेख बघा. २००१ या एका वर्षात भारतात आगीशी संबंधित १ लाख ६३ हजारांवर मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सहापट आहे. यातले सगळे मृत्यू स्टोव्हचे नाहीत, हे लिहिताना विसरू नका. पण एवढ्या मोठ्या फरकावर एक अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

इथे विज्ञानवाल्याला काम आहे. पंचनाम्यात स्टोव्हचं वर्णन असतं: टाकी शाबूत की फाटलेली, झाकण बसलेलं की उघडं, पिन कुठे पडली होती. मृत्युपूर्व जबाबात तो कसा पेटवला हे कधी आलेलं असतं. ‘भडका उडाला’ म्हटल्यावर या खुणा त्याच्याशी जुळतात का, हे यंत्र माहीत असलेला माणूस वाचू शकतो. नुसता कायदा शिकलेल्याला ते अवघड जाईल. मात्र ही कागदपत्रं घरांच्या दुःखाची आहेत. नावं गाळा, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, आणि ‘डेटा’ हा शब्द नातेवाइकांसमोर वापरू नका.

राहिला वापरायचा प्रश्न. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. रॉकेल सहज मिळत नाही, चांगला चामडी वायसर मिळत नाही, आणि डिझेल घालून बघा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. भंगारात तर अजिबात देऊ नका, पितळाच्या भावात हा कागद रद्दीत जाईल. टाकी रिकामी करून, झाकण उघडं ठेवून फळीवर ठेवा. तळाशी किंवा टाकीच्या अंगावर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं, त्याचा फोटो काढा. मग बाजारातला एखादा म्हातारा रिपेरीवाला शोधा. असे आता थोडेच उरलेत. त्याला विचारा की सगळ्यात जास्त खप कशाचा होता, पिनांचा, वायसरचा की बर्नरचा, आणि दुरुस्तीला स्टोव्ह घेऊन कोण यायचं, बाई की बाप्या.