लाकडी मांडवाचा काँक्रीट पाया

अंगणात, परसात किंवा मळ्यात चार-सहा खांबांवर उभारलेल्या आणि बहुधा भिंती नसलेल्या लाकडी मांडवाच्या प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा जो स्वतंत्र ठोकळा जमिनीत घालतात, त्याचे आकारमान दोन निरनिराळ्या हिशेबांनी ठरते : वरचा भार जमिनीवर किती क्षेत्रात पसरावा हा पहिला, आणि वारा छप्पर उचलू लागला असता त्यास धरून ठेवण्यास किती वजन लागेल हा दुसरा. पहिला हिशेब गवंडी अनुभवाने करतो. दुसरा पुष्कळदा कोणीच करीत नाही, आणि हलक्या बांधकामात तोच निर्णायक ठरतो.

चार खांबांवरील 3 मीटर चौरस मांडवाचे छप्पर, पाखे धरून, सुमारे 13 चौरस मीटर भरते. मंगळुरी कौले, रिपा व वासे मिळून दर चौरस मीटरला 85 किलो आणि छपरावरील आगंतुक भार 75 किलो धरला, तर एकेका खांबावर सुमारे 520 किलो येतात. खांबाचे व ठोकळ्याचे स्वतःचे वजन मिळवून ही रक्कम 850 किलोंपर्यंत जाते. भिजून मऊ पडलेल्या मातीची धारणक्षमता दर चौरस मीटरला अवघी 5 टन मानली, तरी 45 सेंटिमीटर बाजूचा चौरस ठोकळा या भाराला पुरून उरतो.

आता त्याच मांडवावर कौलांऐवजी पत्रा घातला, तर लाकडासह छपराचे वजन दर चौरस मीटरला 25 किलोंच्या आसपास उतरते, आणि मालकास खर्चाची बचत दिसू लागते. परंतु भारतीय मानकात पुण्यासाठी दिलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर असून त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 93 किलो होतो. उघड्या मांडवाखाली शिरलेला वारा हा सर्व दाब छपरावर खालून वर लावील असे गृहीत धरल्यास, छपराचे वजन वजा जाता, प्रत्येक खांबास सुमारे 220 किलोंची ओढ बसते. दीडपट सुरक्षितता राखावयाची तर 45 सेंटिमीटर बाजूचा ठोकळा जवळजवळ 70 सेंटिमीटर खोल घालणे भाग पडते. छप्पर हलके झाल्याने पाया जड करावा लागतो, ही गोष्ट बांधणाऱ्याने मनाशी पक्की बाळगली पाहिजे. भोवतालच्या मातीचे घर्षण येथे मुद्दामच जमेस धरलेले नाही, कारण ऐन पावसाळ्यात त्याचा भरवसा नसतो. मुंबईसाठी हाच वेग 44 मीटर धरतात, आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तेथे तो सव्वापटीहून अधिक होतो. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात असंख्य घरांचे पत्रे उडाले होते.

खोली किमान 50 सेंटिमीटर असावी असा भारतीय मानकाचा दंडक आहे. देशावरच्या काळ्या मातीत तेवढ्याने भागत नाही; ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात खोलवर भेगाळते, आणि मांडवासारख्या हलक्या बांधकामाचे वजन तिच्या फुगण्याला आवर घालण्यास अपुरे पडते. मुरूम जवळ लागत असेल तर तेथवर खणणे हाच उत्तम मार्ग होय. तो फार खोल असल्यास तळाशी रुंद कंद असलेल्या बारीक स्तंभांचा अवलंब करतात. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत देशात रुजविली. कोकणातील घट्ट जांभ्यात खोदाई थोडकी चालते, मात्र खडकात सळ्या रोवून उचल रोखण्याची तजवीज लागते. टोरांटोसारख्या थंड मुलखात गोठलेली ओली जमीन पाया वर ढकलते, म्हणून तेथे तो सुमारे 1.2 मीटर खाली नेतात.

ठोकळ्याचे वजन खांबाशी लोखंडी जोडणीने व बोल्टांनी बांधलेले नसेल, तर वाऱ्यापुढे त्याचा काडीचाही उपयोग नाही. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडल्यास जमिनीलगत ओल धरून तो कुजतो आणि वाळवीस वाट मिळते. यास्तव ठोकळ्याचा माथा जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर आणून त्यास बाहेरच्या अंगाला उतार द्यावा, आणि खांबाचा बुंधा लोखंडी पट्टीवर बोटभर अधांतरी ठेवावा.