लिंबू-संत्र्याच्या स्वादाचे स्कोन : पूर्वपीठिका, शास्त्र आणि कृती

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा, चहाबरोबर खाल्ला जाणारा लहान, जाडसर आणि भुसभुशीत पाव. त्याला यीस्ट लागत नाही, पीठ आंबवण्यासाठी ठेवावे लागत नाही आणि तयारीला लागल्यापासून तासाभरात तो ताटात येतो. लिंबू, संत्रे किंवा मोसंबी यांचा स्वाद दिलेले स्कोन हा त्याचा एक आवडता प्रकार. साहित्य साधे आहे आणि ते आपल्या बाजारात सहज मिळते. तरीही घरी केलेले स्कोन पुष्कळदा घट्ट, चपटे किंवा कडवट होतात. याचा दोष नेहमीच करणाऱ्याच्या हाताकडे जात नाही. पाककृती थंड हवेच्या देशात लिहिलेली असते आणि तिच्यातील 'लेमन' म्हणजे आपले कागदी लिंबू नसते. हे दोन फरक ध्यानात घेऊन कृतीत थोडा बदल केला, तर गोव्याच्या दमट, उष्ण हवेतही उत्तम स्कोन होतात.

नाव आणि पूर्वपीठिका

'स्कोन' या शब्दाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद स्कॉट्स भाषेत आढळते. कवी गॅव्हिन डग्लस यांनी व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याचे स्कॉट्स भाषांतर १५१३ मध्ये पूर्ण केले, त्यात हा शब्द आला आहे. उच्चाराविषयी ब्रिटनमध्ये आजही एकमत नाही. स्कॉटलंडमध्ये 'स्कॉन' असा आखूड उच्चार रूढ आहे, तर इंग्लंडच्या काही भागांत 'स्कोन' असा लांबवलेला.

जुन्या काळी स्कोन भट्टीत भाजले जात नसत. ओट किंवा बार्लीच्या पिठाची जाड, गोल भाकर लोखंडी तव्यावर भाजून तिचे चार त्रिकोणी तुकडे केले जात. पुढे सोडा आणि आंबट ताक यांच्या संयोगाने ते फुलवले जाऊ लागले. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीला यीस्ट चालत नसे, म्हणून त्यांनी हा पर्याय शोधला होता. बेकिंग पावडरमुळे आणि घरोघरी आलेल्या ओव्हनमुळे आजचा उंच, हलका स्कोन शक्य झाला. त्याच शतकात इंग्लंडमध्ये दुपारच्या चहाची प्रथा रुजली आणि स्कोनला त्या चहाच्या ताटात कायमचे स्थान मिळाले.

गोव्यातील वाचकाला येथे एक फरक सहज जाणवेल. आपल्या पोदेराचा पाव परंपरेने माडाच्या सुरेने आंबवला जाई. त्याला वेळ आणि धीर लागतो. स्कोनचे तंत्र याच्या नेमके उलट आहे. त्यातील वायू आंबवणातून येत नाही, तर आम्ल आणि सोडा यांच्या रासायनिक क्रियेतून क्षणार्धात निर्माण होतो. म्हणून स्कोनचे पीठ जितके थांबेल तितके त्याचे नुकसान.

लिंबूवर्गीय फळांचा स्कॉटलंडशी संबंध मार्मलेडमुळे जुळला. स्पेनमधील सेव्हिलच्या कडू संत्र्यांपासून होणारे मार्मलेड ही डंडी शहराची ख्याती आहे. 'मार्मलेड' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. 'मार्मेलो' म्हणजे बिही हे फळ आणि त्याचा मुरांबा म्हणजे 'मार्मेलाद'. संत्र्याची साल, साखर आणि स्कोन यांची संगत अशी जुनी आहे. अमेरिकेत संत्रे आणि क्रॅनबेरी घातलेले, वर साखरेचा थर दिलेले त्रिकोणी स्कोन प्रचलित झाले. ऑस्ट्रेलियात मैदा, साय आणि लिंबाच्या स्वादाचे सोडा-पेय एवढ्यावरच स्कोन करण्याची पद्धत आहे.

मोहन, पण थंड

स्कोनचे मर्म आपल्याकडील एका परिचित शब्दात सांगता येते : मोहन. करंजी किंवा शंकरपाळे करताना आपण मैद्यात स्निग्ध पदार्थ चोळतो. त्यामुळे पिठाच्या कणांवर तुपाचे आवरण येते, पाण्याशी त्यांचा संपर्क मर्यादित राहतो, ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. स्कोनमध्येही हेच घडते. मात्र शंकरपाळ्यांना मोहन कडकडीत घालतात. स्कोनला ते गोठलेले लागते.

कारण असे की, लोण्याचे बारीक तुकडे पिठात अखंड राहायला हवेत. बाजारच्या बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यातील बहुतेक भाग पाण्याचा असतो. ओव्हनच्या उष्णतेने तुकडा वितळतो, त्यातील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे पदर उचलून धरते. लोणी आधीच वितळले, तर ते पिठात मुरून जाते आणि स्कोन उंच न होता आडवा पसरतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या स्वयंपाकघराचे तापमान तीस अंशांच्या वर असते. अशा वेळी बोटांनी लोणी चोळत बसणे म्हणजे ते वितळवणेच होय. यावर उपाय सोपा आहे. बटर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावे आणि जाड किसणीवर थेट मैद्यात किसावे. मैदा, परात आणि ताक हेही आधी फ्रीजमध्ये थंड करून घ्यावे. घरच्या पांढऱ्या लोण्यात पाणी अधिक असते. ते वापरायचे झाल्यास नीट पिळून, घट्ट गोठवून घ्यावे आणि ताक थोडे कमी करावे.

सुवास सालीत असतो

स्वाद वाढावा म्हणून पिठात भरपूर रस घालणे ही सर्वांत सामान्य चूक. रस मुख्यतः आंबटपणा देतो. ज्याला आपण लिंबाचा किंवा संत्र्याचा वास म्हणतो, तो सालीच्या रंगीत भागातील सूक्ष्म तैलग्रंथींत असतो. लिमोनीन हा या तेलांतील प्रमुख घटक. ही तेले पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात मात्र चांगली विरघळतात. त्यामुळे सालीचा कीस आधी साखरेत बोटांनी चोळावा. साखरेच्या कणांनी तैलग्रंथी फुटतात, साखर ओलसर आणि सुगंधी होते व तो सुवास पुढे लोण्यात उतरतो. भाजताना त्यातील काही भाग उडून जातोच, म्हणून कीस घेताना हात आखडता घेऊ नये.

जादा रसाचा दुसरा तोटा रासायनिक आहे. लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी असतो. तो सोड्याशी तत्काळ क्रिया करतो आणि पीठ ओव्हनमध्ये जाण्याआधीच बराचसा वायू निसटतो. रसाचे योग्य स्थान भाजून झाल्यावर वरून द्यायच्या साखरेच्या पाकात आहे. सालीखालचा पांढरा थर मात्र कोठेही येऊ देऊ नये. कडवटपणा त्यातूनच येतो.

कोणते फळ घ्यावे

इंग्रजी पाककृतीतील लेमन हे मोठे, पिवळे, जाड सालीचे फळ. आपले कागदी लिंबू लहान, पातळ सालीचे आणि निराळ्या, अधिक तीक्ष्ण वासाचे असते. एका लेमनच्या किसाऐवजी दोन-तीन कागदी लिंबांचा कीस घ्यावा. साल पातळ असल्याने बारीक किसणीवरून फळ एका जागी एकदाच फिरवावे. पांढरा भाग दिसू लागताच फळ वळवावे. ईडलिंबू मिळाल्यास ते लेमनला अधिक जवळचे.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची साल सुटी आणि मऊ असते. सोलल्यावर ती किसता येत नाही, म्हणून अख्खे फळ थंड करून किसावे आणि मग सोलावे. मोसंबीचा वास सौम्य असतो. तिच्यासोबत एका लिंबाची साल घातल्यास स्वाद उठतो. 'मोसंबी' हे नाव मोझांबिकवरून आले आहे आणि १७५२ पर्यंत त्या प्रदेशाचा पोर्तुगीज कारभार गोव्यातूनच चालत असे. पपनसाची साल सुगंधी असते, पण तिचा पांढरा थर फार जाड. त्याची केवळ वरची साल अलगद घ्यावी.

दुकानातील चकचकीत फळांवर पुष्कळदा मेणाचा लेप असतो. अशी फळे कोमट पाण्यात चोळून धुवावीत आणि कोरडी पुसावीत. परसातले किंवा गावच्या बाजारातले लिंबू केव्हाही उत्तम.

साहित्य (सुमारे आठ स्कोनसाठी)

मैदा २५० ग्रॅम. बेकिंग पावडर २ लहान चमचे. खाण्याचा सोडा पाव लहान चमचा. मीठ पाव लहान चमचा (बटर खारे असल्यास वगळावे). साखर ५० ग्रॅम. गोठवलेले बटर ६० ग्रॅम. तीन कागदी लिंबांच्या किंवा दोन संत्र्यांच्या सालीचा कीस. थंड, घट्ट आणि बेताचे आंबट ताक १२० ते १४० मिलिलिटर. वरच्या पाकासाठी पिठीसाखर १०० ग्रॅम आणि लिंबाचा किंवा संत्र्याचा रस ४ लहान चमचे.

कृती

१. ओव्हन २१० अंश सेल्सियसवर तापत ठेवावा. लहान ओव्हनला यासाठी किमान पंधरा मिनिटे द्यावीत.

२. सालीचा कीस साखरेत एक-दोन मिनिटे चोळावा.

३. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा एकत्र चाळावे. त्यात सुगंधी साखर मिसळावी.

४. बटर किसून घालावे आणि बोटांच्या टोकांनी केवळ मोकळे करावे. वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले तरी चालते.

५. ताक एकदम ओतून सुरीने किंवा चमच्याने कालवावे. पीठ जेमतेम गोळा होताच थांबावे. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये. ओबडधोबड दिसणे हेच योग्य पिठाचे लक्षण.

६. हाताने थापून अडीच सेंटिमीटर जाडीची वडी करावी, एकदा घडी घालून पुन्हा तेवढीच जाड थापावी. धारदार वाटीने सरळ खाली दाबून गोल कापावेत किंवा सुरीने त्रिकोण करावेत.

७. कापलेले तुकडे लगेच, एकमेकांजवळ ठेवून बारा ते पंधरा मिनिटे सोनेरी होईपर्यंत भाजावेत. हवा फार उष्ण असेल, तर भाजण्यापूर्वी दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावेत.

८. स्कोन कोमट झाल्यावर पिठीसाखर आणि रस एकत्र फेटून वरून ओतावे. गरम स्कोनवर पाक घातल्यास तो वितळून वाहून जातो.

बिघाड आणि कारणे

स्कोन घट्ट झाला तर पीठ जास्त मळले गेले. पसरला तर लोणी वितळले किंवा ताक जास्त झाले. एका बाजूला कलला तर कापताना वाटी पिळली गेली आणि कडा चिकटल्या. साबणासारखी चव आली तर सोडा अधिक पडला. फुलला नाही तर पीठ भिजवून थांबले, अथवा बेकिंग पावडर जुनी आहे. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा दमट हवेने निकामी होतो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी. जोरात फेस आला तर ती वापरण्याजोगी आहे.

ओव्हन नसल्यास

ओव्हन नाही म्हणून स्कोन करता येत नाहीत असे मुळीच नाही. मूळची रीत तव्याचीच. पीठ दीड सेंटिमीटर जाड थापून त्रिकोण कापावेत. जाड लोखंडी तवा मंद आचेवर तापवून, मैदा भुरभुरून स्कोन ठेवावेत आणि प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटे भाजावी. मग कडांनी उभे धरून त्याही शेकाव्यात. हे स्कोन ओव्हनमधल्याइतके उंच होत नाहीत, पण आत मऊ आणि बाहेर खरपूस होतात.

स्कोन त्याच दिवशी खावेत. डेव्हनमध्ये त्यावर आधी क्लॉटेड क्रीम आणि मग जॅम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. आपल्याकडे दुधावरची घट्ट साय आणि संत्र्याचे मार्मलेड पुरेसे आहे. सगळे एकदम भाजायचे नसतील, तर कापलेले कच्चे तुकडे फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. लागतील तेवढे काढून, न वितळवता थेट ओव्हनमध्ये घालावेत आणि तीन-चार मिनिटे अधिक भाजावेत.