चामड्याची सायकल-सीट

चामड्याची सायकल-सीट : जाड चामडे पोलादी सांगाड्यावर ताणून बसवलेली, गादीविरहित बैठक. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८८२ मध्ये अशा सीटचे पेटंट घेतले. त्यांच्या कंपनीची ‘बी १७’ आजही लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची आवडती आहे.

नवी सीट टणक लागते. वापराने बैठकीच्या दोन हाडांखाली चामडे दबते आणि सीट स्वाराच्या अंगवळणी पडते.

आराम मात्र मांडणीवरही अवलंबून असतो. सीट समतल किंवा टोकाशी किंचित उचललेली ठेवतात. टोक खाली झुकले, तर शरीर पुढे घसरून भार हातांवर येतो. चामडे सैलावल्यास टोकाखालचा नट थोडाथोडाच पिळतात. भिजलेल्या सीटवर बसल्यास चामडे ताणले जाऊन आकार बिघडतो, त्यामुळे पावसात तिच्यावर आच्छादन घालतात.