सात दिवस

माझं गाव पोंभुर्णा. चंद्रपूरला वकिलीत तिसरंच वर्ष असताना मोफत विधी सेवेतून माझ्याकडे खुनाचा खटला आला. कागद दुपारी मिळाले, साक्षीदार दुसऱ्या दिवशी सकाळी. आरोपीची आई अंधारी नदीकाठच्या खेड्यातली. तिनं विचारलं, "बाई, तुमाले सरकारनं धाडलं ना? मंग तुमी माया पोराच्या बाजूच्या कशा?"

गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे मी तिला समजावलं. 1973च्या फौजदारी संहितेतलं कलम 304. पण तो वकील किती मुरलेला असावा, याबद्दल त्या कलमात अक्षर नव्हतं. फाशी होऊ शकणारा खटला, आणि मी तीन वर्षांची.

चंद्रपूरच्या तुरुंगात पक्षकाराला भेटायला जाते तेव्हा इंग्रजांविरुद्ध उठलेले बाबुराव शेडमाके आठवतातच. 18 सप्टेंबर 1858 ला पकडले, 21 ऑक्टोबरला याच आवारातल्या पिंपळावर फाशी. तेहेतीस दिवस. ती इंग्रजांची घाई होती, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण 2013 साली मध्य प्रदेशात, खंडव्याला, आरोपीला ज्या दिवशी वकील दिला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि तेराव्या दिवशी फाशीची शिक्षा! 18 डिसेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. 2024 मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. आपल्या महाराष्ट्रातले भटक्या जमातीतले सहा जणही त्याच 2019 च्या मार्चमध्ये सुटले. त्याआधी खुद्द सर्वोच्च न्यायालयानंच तिघांची फाशी कायम केली होती आणि उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणलेल्या उरलेल्या तिघांनाही फाशी सुनावली होती.

खंडव्याच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं दंडक घालून दिला: जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असेल तिथे नेमलेल्या वकिलाची किमान दहा वर्षं वकिली झालेली हवी, आणि तयारीला साधारण सात दिवस तरी मिळायला हवेत. मोफत विधी सेवेच्या 2022 च्या योजनेत, गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या मुख्य लोक अभिरक्षकाला दहा वर्षांच्या फौजदारी वकिलीबरोबर सत्र न्यायालयातले तीस खटले चालवल्याची अटही आली.

दहा वर्षं सनदेवरून मोजता येतात. मला जास्त मोल त्या सात दिवसांचं वाटतं. सात दिवसांत गावात जाता येतं, विहिरीपासून आरोपीच्या दारापर्यंत किती पावलं ते चालून बघता येतं, आईजवळ बसता येतं. त्या पहिल्या खटल्यात मी गाव पाहिलंच नव्हतं. जागेचा नकाशा उलट धरून मी साक्षीदाराला प्रश्न विचारत होते, आणि मला ते जेवणाच्या सुटीत कळलं.