बाजारभावाच्या पडद्यामागची शिस्त

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मुख्यालय असलेल्या राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यातील बाजार समित्यांचे भाव प्रसिद्ध होतात. शेतमाल, जात-प्रत, परिमाण, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर एवढेच रकाने. मात्र कांद्याचा दर क्विंटलचा, तर कोथिंबिरीचा अनेकदा नगावर. अशा तक्त्यातला परिमाणाचा रकाना मोबाईलच्या अरुंद पडद्यावर गळाला, तर आकडा अचूक असूनही शेतकऱ्याचा अंदाज चुकतो आणि गाडीभाडे अंगावर पडते.

अशा चुका मुळातच टाळण्यासाठी आखलेली व्यवस्था म्हणजे 'डिझाईन सिस्टीम'. रंग, अक्षरांचे आकार, ओळींमधील अंतर यांना नावे देऊन त्यांची मूल्ये एकाच ठिकाणी ठेवायची. बटण, तक्ता, सूचना हे घटक एकदाच घडवून, तपासून सर्व प्रकल्पांत वापरायचे. आणि कोणता घटक केव्हा टाळावा, हेही लिहून ठेवायचे. या शेवटच्या कामाचाच कंटाळा केला जातो. 'गूगल'ने २०१४ मध्ये 'मटेरियल डिझाईन' जाहीर केले, ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये आपली प्रणाली खुली केली. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. समान दृश्य ओळखीची नियमपुस्तिका मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये.

परदेशी संच जसाच्या तसा उचलला, की मराठी अडखळते. शिरोरेषेवरील मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांना रोमन लिपीसाठी आखलेले ओळींचे अंतर अपुरे पडते. अक्षरे कापली जातात. तक्त्यात देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ नको, आकडे उजव्या कडेला जुळलेले हवेत. भाववाढ नुसत्या हिरव्या रंगाने दाखवणे रंगांधळ्या वाचकाच्या उपयोगाचे नाही. सोबत बाण किंवा शब्द हवा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचा फरक किमान ४.५ : १ असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, उन्हात मोबाईल पाहणाऱ्याला तोही कमीच वाटेल.

परिमाणाच्या घोटाळ्यावर उपाय साधा आहे. दर आणि परिमाण हे दोन सुटे घटक न ठेवता एकच अखंड घटक करावा. मग पडदा कितीही अरुंद असो, 'प्रति क्विंटल' हे शब्द आकड्यापासून तुटत नाहीत.

संच उभारण्यापेक्षा तो सांभाळणे कठीण. त्याला जबाबदार मालक लागतो, प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक लागतो. रंगाचे नाव 'हिरवा' न ठेवता 'भाववाढ' ठेवले, तर पुढे छटा बदलली तरी नाव खोटे ठरत नाही. जुना घटक रद्द करताना पूर्वसूचना आणि पर्याय दोन्ही द्यावे लागतात. अन्यथा प्रत्येक चमू आपापली प्रत काढून ठेवतो आणि वर्षभरात एकाच कार्यालयात चार तऱ्हेचे तक्ते दिसू लागतात.