फुगलेल्या पोटाला पाचक कशाला?

आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या) रोग्याचे पोट जेवल्यावर डब्ब झाले की घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत एकच निदान ऐकू येते: अन्न पचत नाही, पाचकरस कमी पडतो, तो बाहेरून द्या. हे मत अगदीच निराधार नाही. स्वादुपिंडाच्या जुनाट दाहात रस खरोखर आटतो. तिथे पॅनक्रिएटिनवाचून पोषण होत नाही. दूध न सोसणाऱ्याला लॅक्टेज उपयोगी पडते, हेही निर्विवाद. आक्षेप आहे तो हाच न्याय सरसकट आयबीएसला लावण्यावर.

रस कमी पडतो, हे मुळात ठरवले कोणी? चरबी फोडणाऱ्या लायपेजचे प्रमाण नेहमीच्या 10 टक्क्यांखाली घसरेपर्यंत शौचातून चरबी जाऊ लागत नाही, हे डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी 1973 सालीच दाखवले. शरीर एवढा साठा राखून असते. आणि आयबीएसच्या बहुतेक रोग्यांचे स्वादुपिंड ठणठणीत असते.

आता बाटलीवरचे लेबल वाचा. फंगल डायस्टेज आणि पेप्सिन, नाहीतर पपईतले पेपेन. डायस्टेज पिष्ट फोडते, उरलेली दोन प्रथिने. पण पोट फुगवते कोण? कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टान. राजमा-छोल्यांतले रॅफिनोज आणि स्टॅकिओज. ही पिष्टेही नव्हेत आणि प्रथिनेही नव्हेत. ती फोडणारे विकर (एन्झाइम) निरोगी माणसाच्या लहान आतड्यातही नसते. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू धरतो. डायस्टेज तिथे काय करणार? काहीही नाही. कडधान्यांपुरते अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मात्र कामाचे: ज्यांना या शर्करा बाधतात अशा आयबीएसच्या रोग्यांना त्याच्या पुऱ्या मात्रेने आराम पडला, असे मोनाश विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात दिसले. कांद्यापुढे तेही निरुपयोगी.

शिवाय वायू सर्वांनाच होतो. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, म्हणून तेवढाच ताण असह्य वाटतो. बार्सिलोनातल्या अझ्पिरोझ यांच्या गटाने तर सीटी स्कॅनवर दाखवले की अनेकांत वायू फारसा न वाढताच श्वासपटल खाली सरकते, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येते. स्नायूंच्या या चुकीच्या हालचालीवर कोणते विकर चालते?

‘पण मला गुण येतो ना!’ येत असेल. ते खोटे कोण म्हणेल? मात्र आयबीएसच्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीनेही साधारण 30 ते 40 टक्के रोग्यांना बरे वाटते. पाचकाला श्रेय द्यायचे तर त्याने याहून सरस ठरले पाहिजे. जेवणानंतर पाचक घ्यायला सांगणाऱ्याने कोणते विकर आणि कोणत्या पदार्थासाठी, एवढे तरी सांगावे. उत्तर येते का, ते वाचकांनीच पाहावे.