आमचे वकीलपत्र कोणी घेतले?

दरवर्षी 26 जानेवारीला आमच्या शाळेतील मुले राज्यघटनेची प्रस्तावना उर्दूत वाचतात. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. बी.एड.ला असताना कलम 29 आणि 30 परीक्षेपुरती पाठ केली होती. या कलमांसाठी कोर्टात कोण उभे राहिले, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हते. पुढे वाचत गेलो, तेव्हा एक नाव वारंवार समोर आले: नानी पालखीवाला. नवल वाटले. गोरगरिबांचा वकील अशी त्यांची ख्याती कधीच नव्हती. टाटा सन्सचे संचालक, एसीसी सिमेंटचे अध्यक्ष आणि बड्या कंपन्यांचे वकील, हीच त्यांची ओळख होती.

16 जानेवारी 1920 रोजी मुंबईतील एका मध्यमवर्गीय पारशी घरात त्यांचा जन्म झाला. पूर्वज पालख्या बनवीत, म्हणून हे आडनाव. लहानपणी ते अडखळत बोलत. सेंट झेवियर्स कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम.ए. झाल्यावर त्यांनी प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला, पण निवड दुसऱ्याच उमेदवाराची झाली. मग ते कायद्याकडे वळले. ती नोकरी मिळाली असती तर ते आमच्याच बिरादरीत राहिले असते, असे मनात येऊन आम्हाला हसू येते.

सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये ते तयार झाले. 1950 मध्ये कांगांबरोबर लिहिलेला त्यांचा आयकरावरील ग्रंथ वकिलांना आजही लागतो. अर्थसंकल्पावरचे त्यांचे व्याख्यान आधी एका हॉटेलच्या हॉलमध्ये होई. गर्दी वाढत गेली आणि ते ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावे लागले. आयकरासारखा रुक्ष विषय ऐकायला माणसांनी मैदान भरावे, ही किमया त्यांच्या जिभेची.

त्यांच्या गाजलेल्या खटल्यांतले अशील पाहिले, तर आपल्यासारख्या वाचकाला जवळीक वाटणे कठीणच. 1970 मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात ते भागधारकाच्या बाजूने उभे राहिले आणि त्याच वर्षी तनख्यांच्या खटल्यात संस्थानिकांच्या बाजूने. दोन्ही ठिकाणी सरकार हरले. त्यानंतर आला केशवानंद भारती खटला. केरळातील एडनीर मठाच्या स्वामींनी जमीन सुधारणा कायद्याला आव्हान दिले होते. सोबत कंपन्यांचेही अर्ज होते. तेरा न्यायमूर्तींपुढे 68 दिवस सुनावणी चालली. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही.

जून 1975 मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्यात खुद्द पंतप्रधानांचे वकीलपत्र त्यांच्याकडे होते. 24 जूनला त्यांनी सर्वोच्च न्यायालयातून सशर्त स्थगिती मिळवून दिली. 25 जूनच्या रात्री आणीबाणी आली आणि त्यांनी ते वकीलपत्र परत केले. नोव्हेंबरमध्ये केशवानंद निकालाचा फेरविचार करण्यासाठी पुन्हा तेरा न्यायमूर्ती बसले. पालखीवालांच्या युक्तिवादानंतर अवघ्या दोन दिवसांत ते पीठच बरखास्त झाले. पुढे जनता सरकारने त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवले. ते तिथे 1977 ते 1979 होते.

आता आमच्या शाळेच्या दाराशी येऊ. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजने गुजरात सरकारविरुद्ध लढलेल्या खटल्यात पालखीवाला कॉलेजचे वकील होते. संस्थेच्या कारभारात आणि शिक्षकांच्या निवडीत विद्यापीठाची माणसे बसवणाऱ्या तरतुदी अल्पसंख्याक संस्थांना लागू करता येणार नाहीत, असा निकाल 1974 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी दिला. संस्था ख्रिस्ती, वकील पारशी, पण या निकालाचा आधार देशभरच्या मुस्लिम अंजुमनांनाही मिळाला.

पण आम्ही शिक्षकही आहोत, म्हणून दुसरी बाजू लपवून चालणार नाही. शिक्षकाला काढण्यापूर्वी विद्यापीठाची मंजुरी घ्यावी, ही तरतूदही याच निकालाने अशा संस्थांपुरती निकामी केली. कलम 30 संस्थेला संरक्षण देते. त्या संस्थेत शिकवणाऱ्याला आपोआप देत नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळा कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आला, म्हणून आमच्या पायाखाली थोडी जमीन आहे. कौमच्या हक्काचे नाव घेऊन शिक्षकाला वेठीस धरणाऱ्या व्यवस्थापनाने कलम 30 चा आसरा घेऊ नये, असे आम्हाला वाटते.

मंडल खटल्यातही पालखीवाला इतर मागासांच्या 27 टक्के आरक्षणाच्या विरोधात उभे राहिले. मंडलच्या याद्यांत मुसलमानांतल्याही अनेक कारागीर जमाती होत्या. 16 नोव्हेंबर 1992 च्या निकालाने ते आरक्षण टिकले. तो युक्तिवाद मान्य झाला असता, तर आमच्या वर्गातील कित्येक मुलांची वाट बंद झाली असती. म्हणून त्यांना पीर मानून चादर चढवण्याचा आमचा इरादा नाही.

तरीही एक हिशेब उरतोच. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर काही राज्य सरकारे बरखास्त झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा 1994 च्या बोम्मई निकालात न्यायालयाने सांगितले की धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ ढाच्याचा भाग आहे. तो शब्द कुठून आला? मठाची जमीन आणि कंपन्यांची मालमत्ता राखण्यासाठी निघालेल्या 1973 च्या खटल्यातून. छप्पर मालदारांसाठी उभारले गेले. पाऊस आला तेव्हा त्याखाली आम्हीही उभे राहिलो.

11 डिसेंबर 2002 रोजी पालखीवाला मुंबईत वारले. आमचे वकीलपत्र त्यांनी कधी घेतले नव्हते आणि आम्हीही ते दिले नव्हते. मुंबईच्या बारमध्ये एके काळी बदरुद्दीन तय्यबजी होते. 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांचा हात होता. ती परंपरा आपलीच आहे. म्हणून आता 26 जानेवारीला मुलांकडून प्रस्तावना वाचून घेतल्यावर आम्ही त्यांना एक सवाल विचारतो: तुमच्यापैकी वकील कोण होणार? आणि झालात, तर वकीलपत्र कोणाचे घ्याल? फक्त आपल्यांचेच, की जो कोणी दाराशी येईल त्याचे?